शीलाताईंचा घसा बसला तेव्हा

या, असे जवळ या. तिकडे खांबाला टेकलात तर डोळा लागेल आणि उद्या म्हणाल, आम्हाला काही ऐकूच आलं नाही. लेकरांना पुढे घ्या, सतरंजी मोठी आहे. आज देवादिकांची कथा नाही. आजची गोष्ट आहे अंगणवाडीतल्या एका ताईंची. देवानं त्यांना तोंड दिलं ते सढळ हातानं, आणि कान द्यायला थोडा उशीर केला. हसू येईल, हसा. ताई स्वतःच सगळ्यांच्या आधी हसतात. पण या गोष्टीत एक लेकरू भरल्या ताटासमोर उपाशी बसलंय, तेवढं हसताना लक्षात असू द्या.

नवापूरच्या बाजूला, गुजरातची हद्द जिथून डोंगरापलीकडे लागते, तिथल्या एका गावात या शीलाताई अंगणवाडी चालवतात. माहेर शहाद्याकडचं, केळीच्या बागांतलं. सासरी हेमराजभाऊंची पिठाची गिरणी. गावात बाकी सगळी डोंगरातली शेतकरी आणि मजुरी करणारी घरं. काही देवीला नारळ फोडणारी, काही रविवारी प्रार्थनेला जाणारी. घरात सगळ्यांची आपापली बोली, बाजारात अहिराणी, आणि अंगणवाडीत शीलाताईंची शुद्ध मराठी. ती शुद्ध मराठी कुठून आली म्हणाल, तर कीर्तनातून.

कीर्तनाचं ताईंना वेड. सप्ताह कुठे लागलाय हे पत्रिका छापून येण्याआधी त्यांना कळलेलं असतं. पोळ्या लाटताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि महाराजांचं निरूपण ऐकायचं. निरूपण रंगात आलं की ताईंचे डोळे आपोआप मिटतात. मोक्षाचं पुढचं पुढे, पोळी मात्र दररोज करपते. हेमराजभाऊ करपलेली पोळी उचलून नुसतं विचारतात, “आज कोन्हं कीर्तन व्हतं?”

तर अशा बाईंच्या हाती पालक मेळावा आला. प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं, “पालकांना नुसत्या सूचना देऊ नका, त्यांच्याशी संवाद साधा.” ताईंनी मान डोलावली. संवाद म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरजच नव्हती! त्यांनी मेळावा सुरू केला तो थेट वंदनानं. मग विषय मांडला: हात धुणे. मग त्यावर दृष्टांत. मग दृष्टांतावर दृष्टांत. एका दृष्टांतात राजा होता, राजाला हत्ती होता, हत्ती नदीवर गेला, आणि हात धुण्याचा साबण कुठे राहिला ते कुणालाच कळलं नाही. खाली बसलेल्या आया मधूनमधून “हो ताई, हो ताई” म्हणायच्या. ताई थांबल्या की “हो ताई”, श्वास घेतला की “हो ताई”. ताईंना मागे टाळकरी उभे असल्यासारखं वाटायचं आणि आणखी जोर चढायचा. घरी येऊन त्या हेमराजभाऊंना सांगायच्या, “आज पालकांशी इतका छान संवाद झाला!”

मेळावा सुटला की मागच्या रांगेतला दानियल पुढे यायचा. आश्रमशाळेत शिकलेला, वाचनाची आवड असलेला, घरी रोज शास्त्र वाचणारा तरणा गडी. तो हात जोडून म्हणायचा, “ताई, आजचा संदेश फार आशीर्वादित होता.” ताई दोन दिवस हवेत असायच्या.

या दानियलची मुलगी एस्तेर. चार वर्षांची, दोन बाजूंना दोन शेंड्या, त्यांना लाल रिबिनी. गाण्यात पुढे, खेळात पुढे, दुसऱ्याची चप्पल लपवण्यात तर सगळ्यांच्या पुढे. पण दुपारी ताटं मांडली की ही पोर दगडासारखी व्हायची. खिचडी समोर यायची, बाकीची मुलं नाकापर्यंत खिचडी माखून घ्यायची, आणि एस्तेर मान खाली घालून, दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहायची. खिचडी थंड व्हायची. मदतनीस सरलाबाई ताटं उचलायला आल्या की ती एक उसासा टाकून उठायची.

शीलाताईंनी काय काय केलं! आधी वाटलं, लाजते. मग वाटलं, जंत असतील. मग वाटलं, आई पाच रुपयांच्या पुड्या खाऊ घालत असेल, त्याच चवीला सोकावली. एकदा तर सरलाबाई पाणी आणायला गेल्यावर ताईंनी हळूच मीठ-मिरची उतरवून टाकली आणि “मी शिकलेली बाई” असं मनात म्हणत हात पुसले. कशानं काही होईना. मग त्यांनी आपलं हुकमी साधन काढलं. रोज ताटं मांडली, जेवणाआधीचा श्लोक झाला, की त्या एस्तेरच्या शेजारी मांडी घालून बसायच्या आणि मुगाच्या डाळीचं माहात्म्य सुरू करायच्या. डाळ अंगी कशी लागते, हळद रक्तात काय करते, घास बत्तीस वेळा चावला तर काय होतं. पोर जितकी गप्प, तितका ताईंचा सूर वर. सरलाबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, “ताई, पोरीला घास तं घेऊ द्या.” ताई म्हणाल्या, “तिच्यासाठीच तर सांगतेय!”

दिवाळी सरली आणि गोष्ट गंभीर झाली. एस्तेरची आई पारुबाई एक दिवस पोरीला सोडायला आली ती दारातच थांबली. दानियल आणि ती दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागल्या वर्षी एस्तेरला बरोबर नेलं होतं. तिथे उसाच्या फडाकडेला पालात राहायचं, थंडी, उघड्यावरचं पाणी. पोरीला ताप भरला तो उतरेच ना. परत आणली तेव्हा नुसते डोळे उरले होते. म्हणून या वर्षी तिला गावातच आजीजवळ ठेवायचा विचार होता. आजी फुलवंताबाई. पण ती दिवसभर शेळ्यांमागे रानात. दुपारचा घास पोरीच्या पोटात जायचा तो अंगणवाडीतच.

“मंगळवारे मुकादमनी गाडी यी ऱ्हायनी, ताई,” पारुबाई म्हणाली. “घर तं जेवस पोर. अठेच नही जेवत. तुम्ही डब्यात देतात ती थंडी खिचडी घर जाईसन चाटीपुसी खास.”

“म्हणजे खिचडी आवडते तिला?”

“आवडस ना! मंग अठे काय व्हस तिले? अठे नही जेवनी तर कशी ठेवू? आज्जी रानमां, पोर उपाशी. त्यापेक्षा संगे लई जासू. मरी तं मन्हा डोळासमोर मरी.”

एवढं बोलून ती गेली. एरवी “हो ताई” पलीकडे न बोलणारी बाई! मागल्या वर्षीचे ते डोळे शीलाताईंनी पाहिले होते. पोरीला परत त्या पालात जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी देवासमोर हात जोडून ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तर पारुबाईच्या घरी जाऊन एक जबरदस्त निरूपण करायचं. ऐकून आईबाप पोरीला ठेवतील, आणि पोरही जेवेल. निरूपणानं काय होत नाही!

पण मधे रविवार होता, आणि रविवारी माहेरी सप्ताहाची सांगता होती. काल्याचं कीर्तन चुकवणं ताईंच्या रक्तात नाही. शनिवारीच गेल्या. महाराज काय बोलले म्हणता! टाळकऱ्यांत बायांची रांग, त्या रांगेत आपल्या ताई, आणि प्रत्येक चरणाला त्यांचा आवाज पार मंडपाबाहेर. शेवटच्या जयजयकाराला तर त्यांनी जीव काढून दिला. जीव राहिला, आवाज गेला. महाप्रसादाची पंगत बसली तेव्हा “भात नको” म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. वाढप्यानं दुप्पट भात वाढला.

नंदुरबारच्या बसस्थानकात त्यांनी कंडक्टरला नवापूरच्या गाडीचं विचारलं. कंडक्टर म्हणाला, “ताई, जरा मोठ्यानं! गुपित सांगी ऱ्हायनात का?”

बसमध्ये त्यांनी सगळं निरूपण मनात रचलं. सुरुवातीला मातेचं हृदय, मधे दृष्टांत, शेवटी डोळ्यांत पाणी. सगळं तयार. फक्त म्हणायला आवाज नव्हता. घरी उतरल्या तर हेमराजभाऊ गिरणीच्या दारात. बायकोनं हातानं खुणा केल्या, घशाकडे बोट दाखवलं. ते कानावर हात ठेवून म्हणाले, “तरीच! मले वाटनं गिरणीच बंद पडनी, इतकं सामसूम कसं?”

ताईंनी पिशवी आत टाकली आणि तशाच दानियलच्या घराकडे निघाल्या. मंगळवार तोंडावर आलेला. आवाज नाही तर नाही, कुजबुजत का होईना, पण बोलायचंच.

ऊन उतरलं होतं. फुलवंताबाई शेळ्या बांधत होती. दानियल दगडावर कोयता घासत होता. पारुबाई अंथरुणाची वळकटी बांधत होती, आणि एस्तेर त्या वळकटीवर घोडा घोडा करत बसली होती. ताईंना बघून सगळे उठले. खाट टाकली. समोर सगळे ओळीनं बसले, मेळाव्यात बसतात तसे, हात मांडीत, तोंडावर “हो ताई”ची तयारी.

ताईंनी तोंड उघडलं. “फस्स” असा आवाज आला. पुन्हा उघडलं. पुन्हा फस्स. एस्तेर खुदकन हसली. दानियलनं तिला दटावलं.

“घसा बसना का ताई?” पारुबाईनं विचारलं आणि आत जाऊन आलं ठेचून काळा चहा केला. चहा झाला. ताई गप्प. सगळे गप्प. सगळे वाट बघत होते की ताई सुरू होतील, मग मागून “हो ताई” म्हणता येईल. ताई सुरू होईनात. शांतता इतकी लांबली की शेळीनंच दोनदा तोंड घातलं मधे.

शेवटी बोलली ती फुलवंताबाई. आजवर एकाही मेळाव्यात जिचा शब्द फुटला नव्हता, ती म्हातारी. ती म्हणाली की पोर माझ्याजवळ राहिली तर मला हवंच आहे. रात्री कुशीत घेते. पण दुपारचं मला जमत नाही, शेळ्या कुणाच्या हवाली करू? ताई म्हणाल्या, “हं.” एवढंच म्हणता येत होतं.

मग पारुबाई बोलली. मागल्या वर्षी फडाकडेला साडीची झोळी बांधून पोरीला ठेवायची. ऊस तोडत तोडत ओळ पुढे जायची, झोळी मागे राहायची. पोरीचा आवाज यायचा, मग येईनासा व्हायचा, आणि तो बंद झाला की ही कोयता टाकून पळत सुटायची. मुकादम ओरडायचा. “झोपेल ऱ्हायची. पण मले काय माहित, झोपनी का काय व्हयनं!”

“हं,” ताई म्हणाल्या.

आणि शीलाताईंना मोठी गंमत वाटली. जगात निरूपणाशिवाय हीदेखील एक वस्तू आहे तर! एक “हं” टाकला की समोरचा माणूस आपोआप पुढे चालतो. आयुष्यभर टाळकऱ्यांत उभं राहून त्यांना हे कळलं नव्हतं, कारण टाळ वाजवतानाही त्या मनात स्वतःच महाराज असायच्या. आज पहिल्यांदा त्या नुसत्या मागे उभ्या होत्या आणि गाणारे दुसरे होते. “कसलं माझं तोंड,” त्या मनात म्हणाल्या, “इतक्या महिन्यांत या बाईनं मला झोळीचं सांगितलं नाही. सांगणार कधी? जागा कुठे ठेवली होती मी?”

दिवेलागणीआधीच त्यांच्याकडे जेवण होतं. ताईंनी नको म्हणून हात हलवला, पण आवाज नसलेल्या माणसाचं नको कोण ऐकतं? नागलीच्या भाकरी आल्या, आंबाडीची भाजी आली. सगळे गोल बसले. दानियलनं डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

दानियलची प्रार्थना म्हणजे! भाकरीसाठी देवाचे आभार, भाजीसाठी आभार, शेळ्यांसाठी, शेळीच्या लंगड्या पायासाठी, गावासाठी, सरकारासाठी. मग ताईंचं नाव आलं. ताईंच्या घशासाठी सविस्तर विनंती. ताई एक डोळा किलकिला करून बघत होत्या आणि मनात म्हणत होत्या, हा तर माझाच भाऊ शोभतो.

पारुबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. “आटपा आते. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी. प्रभूले समजनं सगळं.”

दानियल थांबला. पण कुणी भाकरीला हात लावला नाही. सगळ्यांनी एस्तेरकडे बघितलं. एस्तेरनं सगळ्यांकडे बघितलं, आजीकडे, बापाकडे, पाहुणीकडे, जरा जास्तच वेळ लावून. मग छाती फुगवून म्हणाली, “आमेन!” आणि भाकरीवर अशी तुटून पडली की ताई बघतच राहिल्या. हीच ती पोर?

“हे हिचं काम आहे, ताई,” दानियल कौतुकानं म्हणाला. “आमच्या घरात प्रार्थना मी करायची, आणि संपली हे एस्तेरनं सांगायचं. तिनं सांगितल्याशिवाय ती स्वतःही कण खात नाही. एकदा मीच म्हणून टाकलं तर रात्रभर रुसली होती.”

ताईंच्या हातातला घास हातातच राहिला. डोक्यात काहीतरी हललं, पण पुरतं जुळेना. त्यांनी एस्तेरला जवळ ओढलं आणि कानात कुजबुजून विचारलं, “बेटा, मग अंगणवाडीत का नाही गं जेवत?”

एस्तेरनं भाकरी चावत चावत आपल्या बोलीत आजीला काहीतरी सांगितलं. फुलवंताबाई हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. पारुबाईनं पदर तोंडात कोंबला. दानियल एकदम कोयत्याची धार तपासायला लागला, जेवता जेवता.

“काय म्हणाली?” ताईंनी कुजबुजत विचारलं.

“काही नाही ताई. लहान पोर आहे.”

“सांगा ना दानियलभाऊ.”

“जाऊ द्या, ताई. भाजी घ्या.”

शेवटी पारुबाईच बोलली. “राग नका धरजात, ताई. ती म्हणस...” तिला परत हसू फुटलं. “ती म्हणस, ताईनी प्रार्थना सरतच नही.”

आता सगळं लख्ख झालं. श्लोक संपला की ताईंचं डाळीचं माहात्म्य सुरू. तोच सूर, तेच मिटलेले डोळे, तोच वर चढलेला हात. पोरीच्या लेखी प्रार्थना चालूच आहे. आणि प्रार्थना चालू असताना जेवायचं नाही, हे बापानं शिकवलेलं. ताई बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे आईनं बजावलेलं. मग ती बिचारी काय करणार? हात मांडीत घेऊन बसायची, ताईंचं सरण्याची वाट बघत. तिला जेवू घालण्यासाठी ताई आणखी बोलायच्या, आणि ताई बोलायच्या म्हणून ती आणखी वाट बघायची. तेवढ्यात सरलाबाई ताट उचलायच्या.

शीलाताईंना हसू आलं. पण आवाज नसल्यानं ते बाहेर पडेना, नुसते खांदे गदगदू लागले. पाणी प्यावं लागलं. आणि पाणी पिता पिता त्यांना ते मांडीतले हात आठवले. हट्टी म्हणून त्यांनी ज्या पोरीला नाव ठेवलं होतं, ती अंगणवाडीतली सगळ्यात आज्ञाधारक पोर होती. हसणं तिथेच थांबलं.

“मेळाव्यातपण, ताई,” दानियलनं धीर करून सांगून टाकलं, “संदेश चांगला असतो. पण भूक लागते.”

पारुबाई मात्र आता हसत नव्हती. ती पोरीच्या शेंड्या सारख्या करत होती. “मी मारेल शे तिले,” ती हळू म्हणाली. “नही जेवत म्हनीसन. दोनदा.”

ताईंनी पारुबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

सोमवारी श्लोक सरलाबाईंनी म्हणून घेतला. श्लोक संपला. ताईंनी गुडघे टेकले, एस्तेरसमोर बसल्या आणि हातानं खूण केली: आता तू. एस्तेरला खरंच वाटेना. तिनं सरलाबाईंकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाली, “आमेन?” ताईंनी मान हलवली. ती मोठ्यानं म्हणाली, “आमेन!” आणि खिचडीत दोन्ही हात.

शेजारचा होळ्या ओरडला, “ताई, मीपण!” मग सगळ्यांनाच काही ना काही म्हणायचं होतं. कुणी देवीचा जयजयकार केला, कुणी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

“ताई, हे काय नवं?” सरलाबाई दचकून म्हणाल्या. “गावात कोणी बोललं म्हणजे?”

“बोलू द्या,” ताई घोगऱ्या कुजबुजीत म्हणाल्या. “ज्याच्या घरी जसं संपतं तसं संपू दे. देवाला सगळं चालतं. थंड खिचडी कुणालाच चालत नाही.”

संध्याकाळी त्यांनी पारुबाईला सांगितलं. पारुबाई प्रवासाच्या सामानासाठी बाजाराला गेली होती, तिनं काही बघितलं नव्हतं. ती म्हणाली, “एक दिनन काय, ताई? तुमन्हा आवाज नव्हता. आवाज परत उना म्हणजे?”

बाईला माणसं कळत होती.

मंगळवारी गाडी दुपारीच आली. रस्त्यावर वडाखाली उभी, माणसं चढत होती, भांडी वाजत होती. दानियल आणि पारुबाई वळकटी घेऊन अंगणवाडीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. ठरलं होतं, पोर जेवली तर राहील, नाही तर याच पायी बरोबर. पारुबाईच्या खांद्यावर एस्तेरचा स्वेटरसुद्धा होता.

ताटं मांडली. श्लोक झाला. एस्तेरनं “आमेन” म्हटलं आणि पहिला घास उचलला. शीलाताईंचं हृदय भरून आलं. खिडकीत आईबाप, समोर लेकरू, आणि सकाळपासून घसाही मोकळा झालेला. भरल्या हृदयाला ताईंच्या अंगात एकच वाट होती. हात वर गेला, डोळे मिटले, आणि तोंडातून निघालं, “बघा बाळांनो, ही जी मुगाची डाळ आहे ना...”

एस्तेरचा घास हवेत थांबला. तिनं तो ताटात परत ठेवला. दोन्ही हात मांडीत घेतले आणि मान खाली घातली.

खिडकीत पारुबाईनं नवऱ्याकडे बघितलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

सरलाबाईंनी कपाळाला हात लावला. शीलाताईंनी डोळे उघडले, बघितलं, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पदराचा बोळा केला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. वाक्य अर्ध्यावर मोडलं. डाळीचं पुढे काय होतं ते अजून कुणाला कळलेलं नाही.

खोलीत मुलांच्या चावण्याचा आवाज तेवढा राहिला. हॉर्न परत वाजला. ताई पदर दातात धरून एस्तेरसमोर बसल्या, स्वतःचे कान पकडले, आणि भुवया उंचावून विचारलं: सांगतेस का बाई आता, संपलं म्हणून? एस्तेरनं त्यांच्या तोंडातल्या पदराकडे नीट निरखून बघितलं. परत सुरू होणार नाही ना, याची खात्री करून घेतली. मग म्हणाली, “आमेन.” जरा रागावूनच म्हणाली.

आणि जेवली. ताट चाटून सरलाबाईंपुढे धरलं, “अजून.”

पारुबाईनं आत येऊन पोरीच्या हनुवटीची खिचडी पदरानं पुसली. एस्तेर दुसऱ्या ताटात इतकी बुडाली होती की तिनं मान वर करून बघितलंही नाही. “देखा, मन्हाकडे देखतबी नही,” पारुबाई म्हणाली. त्यात आनंद किती आणि दुखणं किती, हे ताईंना विचारायचं होतं. पण पदर अजून तोंडातच होता, आणि ते बरंच झालं. पारुबाईनं स्वेटर ताईंच्या हातात दिला आणि पळत गाडीकडे गेली. एस्तेर नंतर रडली, पुष्कळ रडली. फुलवंताबाईनं त्या दिवशी शेळ्या लवकर परत आणल्या.

आता पारुबाईचा फोन येतो. दिवसभराची तोडणी उरकली की येतो. पहिला प्रश्न एकच, “जेवनी का?” ताई म्हणतात, “जेवली.” पुढे जिभेवर खूप काही येतं: काय जेवली, किती जेवली, त्यातून शरीराला काय मिळालं. ते गिळतात आणि विचारतात, “तू सांग पारु, तू कशी आहेस?” आणि मग “हं” म्हणत ऐकतात. पहाटेच्या दवानं ओल्या झालेल्या उसाच्या पात्यानं हात कसे चिरतात ते. शेजारच्या पालातलं कुणाचं तरी लेकरू रडलं की झोप कशी लागत नाही ते. दानियलची प्रार्थना तिकडे कशी आखूड झालीय ते. थकवा येतो, आणि शेवटचा शब्द म्हणायला तिथे कुणी नसतं.

तर मंडळी, एवढंच मागणं आहे. घरी जाऊन ताटावर बसाल तेव्हा पारुबाईची एकदा आठवण काढा. ती त्या वेळी उसाच्या फडात उभ्या उभ्या भाकर खात असेल.